नोंदेश्वर की दिठाई? कॅम्पेनसाठी इतिहासाचा देव निवडताना

स्वतःचं जग बनवून डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, टेबलाभोवती बसून गोष्ट रचत खेळायचा खेळ) चालवणार असाल, त्यात कॅम्पेन म्हणजे अनेक बैठकांत चालणारी एकच गोष्ट, आणि इतिहास नि नजर दोन्हींचा मिळून एकच देव पाहिजे असेल तर माझ्याकडं मी रचलेले दोन तयार आहेत, नोंदेश्वर आणि दिठाई, दोन्ही टेबलावर चालवलेले. नोंदेश्वराला जे घडलं ते जसंच्या तसं माहीत असतं. दिठाईला घडलेलं थेट काहीच ठाऊक नाही, पण ज्यानं ज्यानं ते बघितलं त्या प्रत्येकाची नजर तिच्याकडं आहे, आंधळ्यानं ऐकलेलंसुद्धा.

नोंदेश्वर चालवायला सोपा. देऊळ म्हणजे दप्तरखाना, पुजारी म्हणजे कारकून, आणि चित्रगुप्त सगळ्यांना माहीत असल्यानं प्लेयरना समजवावंही लागत नाही. पण राजाला कुणी मारलं हे देवालाच विचारता आलं की गोष्ट तिथंच संपली, मग देव रुसलाय, देव गप्प आहे असली कारणं तुम्ही काढत बसणार आणि प्लेयरना ते लगेच कळतं.

दिठाईसाठी मी वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराचा स्मारकदगड, घेतला. करवीर तालुक्यात बीडला जाऊन एकदा निवांत बघाच, खाली लढाई आणि पडलेला वीर, त्याच्यावर त्याला घेऊन जाणाऱ्या अप्सरा, आणखी वर तो शिवपिंडीपुढं, आणि माथ्याला चंद्रसूर्य. ज्यांनी दगड उभा केला त्यांची पूर्ण श्रद्धा आहे त्यात, पण समोरच्या फौजेनं काय बघितलं ते कुठंच नाही. म्हणून दिठाईच्या जगात एकाच लढाईचे दोन गावांत दोन दगड असतात, दोन्ही खरे, आणि दोन्ही वाचल्याशिवाय पार्टीला (म्हणजे प्लेयरच्या पात्रांच्या टोळीला) घाटातली चोरवाट सापडत नाही. आमच्याकडं यावर अख्खं सेशन वाद झाला, लय भारी झालं ते.

सण पण आयता मिळतो. कोल्हापूरच्या किरणोत्सवात मावळतीची किरणं अंबाबाईच्या पायांपासून चेहऱ्यापर्यंत चढतात, नोव्हेंबरात आणि परत जानेवारी संपताना, आणि मध्ये ढग किंवा इमारत आली की अडतात. दिठाई पण चेहऱ्यावर किरण पोचलं तरच साक्ष देते, त्यामुळं व्हिलनला बाकी काही करायला नको, समोर एक माडी उठवली की बास.

रूल्सचं म्हणाल तर पाचव्या एडिशनचा नॉलेज डोमेन, म्हणजे ज्ञानाच्या देवाच्या क्लेरिकला (पुजारी पात्राला) मिळणारा स्पेलांचा म्हणजे मंत्रांचा संच, दोघांनाही चालतो. त्यात क्लेरिक पाचव्या लेव्हलला गेला की स्पीक विथ डेड मिळतो, मढ्याला पाच प्रश्न आणि ते जिवंतपणी जेवढं माहीत होतं तेवढंच सांगतं, हा स्पेल जणू दिठाईचाच. नवव्या लेव्हलला मिळणाऱ्या लेजंड लोअरला (माणूस, जागा किंवा वस्तूची माहिती सांगणारा स्पेल) मात्र नोंदेश्वर बरा पडतो, दिठाईकडं तो वापरायचा तर उत्तर कुणाच्या तोंडून येणार ते आधी ठरवा.

एका रात्रीत संपणारा खेळ असेल, प्लेयर नवीन असतील, तर बिनधास्त नोंदेश्वर घ्या. वर्षभर चालणार असेल तर माझं मत दिठाईलाच, फक्त प्रत्येक मोठ्या घटनेचे निदान दोन साक्षीदार आधी लिहून ठेवा आणि खरं काय घडलं ते तुमच्या वहीत एकच पाहिजे, सेशनगणिक बदललं तर प्लेयर पकडतातच.