बाटलीत दहा गोळ्या उरल्यावर: अ‍ॅडरॉलच्या टंचाईत कोणता पर्याय निवडावा?

१२ ऑक्टोबर २०२२ रोजी अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, अ‍ॅडरॉल या अ‍ॅम्फेटामिन-युक्त औषधाच्या अल्पकाळ परिणाम टिकणाऱ्या गोळ्यांची टंचाई अधिकृतपणे जाहीर केली, आणि एडीएचडी (लक्ष टिकवण्यात अडचण व अतिचंचलता असणारा विकार) असलेल्या अनेक घरांत महिनाअखेरीस एकामागून एक फार्मसीला फोन लावणे हे नेहमीचे काम होऊन बसले. टेव्हा या मोठ्या उत्पादकाकडे उत्पादन रखडले होते, मागणी वाढलेली होती, आणि हे औषध शेड्यूल दोनमधले, म्हणजे गैरवापराच्या धोक्यामुळे कडक नियंत्रणाखालचे, असल्याने ते वर्षाला किती बनवायचे याचा कोटा डीईए ही अमली पदार्थांवर नियंत्रण ठेवणारी अमेरिकी संस्था ठरवते. मात्र सारा दोष कोट्यावर टाकता येत नाही, कारण २०२२ मध्ये उत्पादकांनी मंजूर कोट्याच्या सुमारे ७० टक्केच अ‍ॅम्फेटामिन विकल्याचे एफडीए आणि डीईए यांनी ऑगस्ट २०२३ मधल्या संयुक्त पत्रात म्हटले होते. न्यू जर्सीतल्या मराठी पालकापुढचा प्रश्न अर्थातच याहून जवळचा असतो: तेच औषध शोधत राहायचे, की बदलायचे? माझ्या मते याचे उत्तर बाटलीत किती दिवसांच्या गोळ्या उरल्या आहेत यावरून ठरवावे, कारण प्रत्येक पर्यायाला लागणारा वेळ निराळा आहे.

तेच औषध शोधत राहण्याचा मोठा फायदा म्हणजे शरीराला ओळखीचा असलेला डोस बदलावा लागत नाही. २८ ऑगस्ट २०२३ पासून, राज्याचा कायदा आड येत नसेल तर, अद्याप न भरलेले इलेक्ट्रॉनिक प्रिस्क्रिप्शन एकदा, आणि एकदाच, दुसऱ्या फार्मसीकडे वळवता येते. त्यापूर्वी दर वेळी डॉक्टरांकडून नवे मागवावे लागे. येथे एक खाचखळगा आहे. ‘तीसपैकी बाराच गोळ्या शिल्लक आहेत, देऊ का?’ असे फार्मासिस्टने विचारले की आपण हायसे वाटून होकार देतो. पण साठा अपुरा म्हणून कमी गोळ्या दिल्या असतील, तर उरलेल्या ७२ तासांत द्याव्या लागतात, नाहीतर त्यांच्यासाठी नवे प्रिस्क्रिप्शन लागते. रुग्णाने किंवा डॉक्टरांनी स्वतःहून कमी गोळ्या मागितल्या असतील तर ही मुदत लिहिल्या तारखेपासून ३० दिवसांची असते, म्हणून होकार देण्याआधी नोंद कोणत्या प्रकारे होणार आहे हे विचारून घ्यावे. पंधरा दिवस हाताशी असतील तर हा शोध करण्याजोगा आहे. तीनच दिवस उरले असतील तर केवळ त्यावर विसंबणे मला धोक्याचे वाटते.

दुसरा पर्याय, आणि बहुतेकांनी सर्वप्रथम विचारावा असा, म्हणजे औषध तेच ठेवून त्याचे रूप बदलणे. सकाळी एकदा घ्यायच्या कॅप्सूलऐवजी दिवसातून दोनदा घ्यायची साधी गोळी मिळत असेल, तर मूळ घटक तोच राहतो आणि डॉक्टरांना हिशेब करणे सोपे जाते. गैरसोय होते ती दिनक्रमाची: साधी गोळी काही तासांतच ओसरते, त्यामुळे मुलाचा दुपारचा डोस शाळेच्या नर्सकडे सोपवावा लागतो, आणि मोठी माणसे तो ऐन मीटिंगच्या गडबडीत विसरतात. विसरभोळेपणावरचेच औषध आठवणीने दुसऱ्यांदा घ्यायचे, ही अडचण डॉक्टरांना सांगण्यात संकोच कशाला?

अ‍ॅम्फेटामिन सोडून मिथाइलफेनिडेटवर, म्हणजे रिटालिन किंवा कॉन्सर्टाच्या गटावर जाणे ही याहून मोठी उडी आहे. दोन्ही औषधे उत्तेजक आहेत आणि घेतली त्याच दिवशी परिणाम दाखवतात, त्यामुळे हातात आठवडाभरच असेल तेव्हा हा पर्याय उजवा ठरतो. परंतु मिलिग्रॅमला मिलिग्रॅम असा सौदा येथे चालत नाही. एकाच गटातसुद्धा डेक्समिथाइलफेनिडेटचा डोस मिथाइलफेनिडेटच्या निम्मा असतो. एखाद्याला एक औषध मानवते आणि दुसऱ्याने चिडचिड होते, किंवा याच्या अगदी उलट घडते. म्हणून पहिले काही दिवस भूक, झोप आणि नाडी यांची नोंद ठेवावी.

अ‍ॅटोमॉक्सेटिनसारख्या अनुत्तेजक औषधांवर शेड्यूल दोनचे निर्बंध नाहीत आणि त्यांना रिफिलही (त्याच प्रिस्क्रिप्शनवर पुन्हा औषध) मिळतात, ही त्यांची जमेची बाजू आहे. मात्र अ‍ॅटोमॉक्सेटिनचा पूर्ण परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागू शकतात, त्यामुळे बाटली रिकामी झाल्यावर त्याच्याकडे वळणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे होय. मुलांमध्ये व किशोरांमध्ये आत्महत्येचे विचार येण्याविषयीचा ठळक इशारा त्याच्या वेष्टनपत्रकात आहे, आणि फ्लुऑक्सेटिन किंवा पॅरॉक्सेटिन ही नैराश्यावरची औषधे चालू असल्यास डोस जपून वाढवावा लागतो. ग्वानफेसिन व क्लोनिडिन या दुसऱ्या अनुत्तेजक औषधांनी गुंगी येते, रक्तदाब उतरतो, आणि ती अचानक थांबवल्यास रक्तदाब एकदम वर जाऊ शकतो.

गोळ्या पुरवून वापरणे, म्हणजे शनिवार-रविवारी न घेणे, काही मुलांच्या बाबतीत डॉक्टर मान्य करतात. रोज लांबचे ड्रायव्हिंग करणाऱ्या प्रौढाने मात्र कामाच्या दिवसांवर काट मारू नये. कॉन्सर्टाची गोळी तोडू किंवा चावू नये, आणि व्हायव्हान्स या अ‍ॅम्फेटामिन गटातल्या औषधाची एक कॅप्सूल दोन दिवसांत विभागून घेऊ नये. अर्ध्याने भागवण्याचा विचार साध्या गोळीपुरताच, तोही विचारून करावा. इंटरनेटवर विनाचिठ्ठी मिळणारे ‘अ‍ॅडरॉल’ हा पर्यायच नव्हे, कारण अशा बनावट गोळ्यांत मेथाम्फेटामिन हा घातक अमली पदार्थ सापडला आहे.

राहिला प्रश्न ‘भारतातून मागवू का?’ हा. अ‍ॅडरॉल भारतात विकलेच जात नाही. मिथाइलफेनिडेट तेथे मिळते, परंतु ते शेड्यूल एक्स या भारतातल्या कडक नियंत्रणाच्या यादीत असल्याने चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि त्यातली एक केमिस्ट दोन वर्षे जपून ठेवतो. ते अमेरिकेत टपालाने मागवणे बेकायदेशीर आहे, त्यामुळे आजी-आजोबांच्या पार्सलमध्ये ते घालायला सांगू नये. जो कायमचा पुण्याला परतणार आहे, त्याने मात्र अ‍ॅम्फेटामिनवरून मिथाइलफेनिडेटवर किंवा अ‍ॅटोमॉक्सेटिनवर जाण्याचा बदल निघण्याच्या दोन-तीन महिने आधी, आपल्या नेहमीच्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली, अमेरिकेतच करून घ्यावा.