टायटॅनियमचे व्हील नट घ्यावेत की स्टीलचेच बरे?

टायटॅनियमचा नट पहिल्यांदा हातात घेतला की हात थोडा वरच उचलला जातो. डोळ्यांनी स्टीलचं वजन धरलेलं असतं आणि प्रत्यक्षात भरतं निम्म्याहून जरासंच जास्त. त्यात तो निळा-जांभळा रंग. घ्यावासा वाटणारच. माझ्या जुन्या होंडा सिव्हिकला मी स्टील, अ‍ॅल्युमिनियम आणि टायटॅनियम असे तिन्ही संच लावून पाहिले आहेत, म्हणून सांगतो.

आधी वजन, कारण सगळी विक्री त्याच्याच जोरावर चालते. घन सेंटिमीटरला स्टील साधारण ७.८५ ग्रॅम भरतं, ग्रेड ५ टायटॅनियम (अ‍ॅल्युमिनियम आणि व्हॅनेडियम मिसळलेला मिश्रधातू) ४.४३ आणि ७०७५ जातीचं अ‍ॅल्युमिनियम २.८१. एकाच मापाचा नट स्टीलमध्ये ५० ग्रॅमचा असेल तर टायटॅनियमचा २८ ग्रॅमचा आणि अ‍ॅल्युमिनियमचा १८ ग्रॅमचा होईल. वीस नटांमागे टायटॅनियमने वाचतात ४४० ग्रॅम, म्हणजे एका चाकाला ११०. यावर दुकानदार म्हणतो, ‘हे फिरणारं वजन आहे, फरक जाणवतो.’ पण नट फिरतो कुठे ते बघा. सिव्हिकचा पीसीडी (नटांच्या केंद्रांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास) ११४.३ मिलिमीटर, म्हणजे नट केंद्रापासून फक्त ५७ मिलिमीटरवर. टायरचा रस्त्याला टेकणारा भाग ३१० मिलिमीटरच्या आसपास. चाकाला वेग द्यायला लागणारा जोर अंतराच्या वर्गाने वाढतो. त्यामुळे नटांमधले ११० ग्रॅम म्हणजे टायरच्या कडेवरचे जेमतेम ४ ग्रॅम. बॅलन्सिंगवाला रिमला चिकटवतो तो पट्टीचा तुकडासुद्धा ५ ग्रॅमचा असतो! सस्पेन्शनवरचं वजन पूर्ण ११० ग्रॅमने कमी होतं हे खरं, पण हलके फोर्ज्ड (दाबून घडवलेले) अलॉय व्हील घेतले तर तिथे चाकामागे किलोंचा हिशेब होतो. अलॉय अजून जड असतील तर नटांचा विचार आत्ता नकोच.

अ‍ॅल्युमिनियम सगळ्यात हलकं, स्वस्त आणि रंगीत. तरी रोजच्या गाडीला मी ते कुणालाही लावू देणार नाही. कायमचं वाकण्याआधी ७०७५ अ‍ॅल्युमिनियम सुमारे ५०० मेगापास्कल ताण सोसतं, ग्रेड ५ टायटॅनियम ८८०च्या घरात. कागदावरचा हा फरक मला खोपोलीच्या अलीकडे भर पावसात कळला. पंक्चर काढून चाक चढवलं आणि नट हाताने न धरवता थेट हवेच्या गनने फिरवले गेले. पाचवा नट कण्हला आणि नुसताच फिरायला लागला. काढून पाहतो तर त्याचे आटे चांदीच्या तारेसारखे सुटून स्टडभोवती, म्हणजे नट ज्यावर चढतो त्या आटेदार दांड्याभोवती, गुंडाळलेले. पनवेलपर्यंत चार नटांवर, चाळीसच्या वेगाने आलो. दोष गन चालवणाऱ्याचा धरला नाही. रस्त्यावर चाक असंच बसवलं जातं आणि नटाला ते सोसता आलं पाहिजे.

मग टायटॅनियम? ताकद आहे, गंज नाही. रत्नागिरी, मालवणच्या खाऱ्या हवेत स्टीलच्या नटांचं क्रोम दोन पावसाळ्यांत फुगतं. विशेषतः वरून पातळ टोपी चढवलेले नट असतील तर टोपीखाली गंज धरतो आणि १९चा पाना बसेनासा होतो. टायटॅनियमला ही कटकट नाही. त्याची खोड वेगळी आहे. त्यावरचा ऑक्साइडचा पातळ थर दाबाखाली घासून निघाला की धातू समोरच्या धातूला चिकटून धरतो. कोरड्या स्टडवर गनने चढवलेला टायटॅनियमचा नट कधी कधी असा अडकतो की स्टडसकटच बाहेर येतो. म्हणून नट बनवणारा सांगेल ते अँटी-सीझ (धातू चिकटू नये म्हणूनचं वंगण) आट्यांना लावायचं. इथेच दुसरी मेख आहे: सिव्हिकचा १०८ न्यूटन-मीटरचा टॉर्क, म्हणजे नट आवळायचा जोर, कोरड्या आट्यांसाठी ठरवलेला आहे. वंगण लावून तेवढाच टॉर्क दिला तर स्टडवरची ओढ बरीच वाढते. नटासोबत आलेल्या कागदावर वंगण आणि टॉर्क दोन्ही लिहिलेले नसतील तर तो संच घेऊ नका.

बैठक, म्हणजे नट चाकाच्या भोकात जिथे टेकतो तिथला आकार, ही गोष्ट धातूपेक्षाही महत्त्वाची. होंडाच्या मूळ अलॉयला गोल बैठक लागते, टोयोटाच्या बऱ्याच मूळ अलॉयना वॉशरचा सपाट नट, आणि बाहेरून घेतलेल्या बहुतेक अलॉयना ६० अंशांचा कोन. आटे जुळले म्हणून चुकीच्या बैठकीचा नट चढतो, घट्टही लागतो, पण टेकतो फक्त एका बारीक रेषेवर आणि काही दिवसांत ढिला पडतो. नवा नट हाताने किती फेरे जातो तेही मोजा. एम१२ × १.५च्या (१२ मिलिमीटर जाड, दोन आट्यांत १.५ मिलिमीटर अंतर) स्टडवर किमान आठ पूर्ण फेरे हवेत.

खरा माल ओळखायला लोहचुंबक पुरत नाही. तो टायटॅनियमला चिकटत नाही आणि अ‍ॅल्युमिनियमलाही नाही. नट सोनाराच्या काट्यावर ठेवा आणि पाण्यात बुडवून आकारमान काढा. घनता ४.४च्या आसपास आली तर टायटॅनियम. मात्र शुद्ध टायटॅनियमचा ग्रेड २ जवळपास तेवढाच भरतो आणि ताकदीला ग्रेड ५च्या तिसऱ्या हिश्श्याचाही नाही. धातूचं प्रमाणपत्र मागायलाच हवं.

माझा कौल असा. रोज ऑफिस आणि महिन्यातून एकदा लोणावळा एवढीच धाव असेल तर एकसंध फोर्ज्ड स्टीलचे, बंद तोंडाचे नट घ्या आणि वाचलेल्या पैशात चांगला टॉर्क पाना, नवं ब्रेक फ्लुइड, जमलं तर पॅड. कोइम्बतूरच्या कारी किंवा चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर जाणार असाल, हलकी चाकं आणि चांगले टायर आधीच घेतले असतील आणि चाक स्वतःच काढत-घालत असाल, तर टायटॅनियम घ्या, मनापासून आवडेल. चाक दुसऱ्याच्या हातात जाणार असेल तर नको. पोलो किंवा ऑक्टाव्हियावाल्यांचं गणित वेगळं: तिथे नट नसून बोल्ट आहेत, सगळी ओढ बोल्टच्या दांड्यावर येते, आणि स्वस्त टायटॅनियम बोल्टवर मी स्वतःची माणसं बसवणार नाही.

माझ्या सिव्हिकवर सध्या टायटॅनियमच आहेत. डिकीत स्टेपनीच्या खाचेत एका कापडी पिशवीत होंडाचे पाच मूळ नट कायम असतात, कारण स्टेपनीची बैठक गोल आहे आणि माझे नवे नट कोनाचे. चाक बदललं की ८०-१०० किलोमीटरनंतर टॉर्क पाना पुन्हा लावतो.