जिल्हा रुग्णालयातलं लहान मुलांचं तपासणी केंद्र (डीईआयसी), आमचा अनुभव, ५ पैकी ४ स्टार

लस टोचून आलो म्हणजे बाळाची तपासणी झाली, असंच मी दीड वर्ष धरून चालले होते. तुमच्यापैकी कोणाला आत्ता तसंच वाटत असेल तर हे नक्की वाचा.

मुलगा आता अडीच वर्षांचा आहे. जन्मापासून एका प्रायव्हेट बालरोगतज्ज्ञांकडे न्यायचो, नाव घेत नाही. क्लिनिक एकदम चकाचक, भिंतीवर हत्ती जिराफ, पण आत गेलं की वजन, इंजेक्शन, तापाचं औषध, पुढची तारीख, झालं, बाहेर. दीड वर्षाच्या बूस्टरला गेलो तेव्हा मी म्हटलं डॉक्टर हा अजून आई पण नीट म्हणत नाही, तर ते लिहिता लिहिताच म्हणाले मुलगे उशिरा बोलतात, थांबा. सासूबाईंचं पण तेच, याचा बाप तीन वर्षांचा होईस्तोवर बोलला नव्हता. घरी येऊन फाईल उघडली तर उंचीचे आणि डोक्याच्या घेराचे रकाने सगळे कोरे, वाढीच्या तक्त्यावर एक ठिपका नाही. मला खूप राग आला, स्वतःचा पण आला, कारण ती फाईल मीच दर वेळी हातात घेऊन जायचे.

त्याच आठवड्यात आमच्या आशाताई म्हणाल्या, गुरुवारी अंगणवाडीत आरबीएसकेची गाडी येतेय, घेऊन या की. आरबीएसके म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, २०१३ ला आपल्या पालघरमधूनच देशभर सुरू झाला, आणि मला तोपर्यंत त्याचा पत्ताच नव्हता. टीममध्ये डॉक्टर, नर्स, फार्मासिस्ट असतात. डॉक्टर मॅडम सरळ सतरंजीवर बसल्या. त्याला फळीवर आडवं झोपवून लांबी मोजली (दोन वर्षांच्या आतल्या मुलांची अशीच मोजायची असते हे मला तिथे कळलं), डोक्याला टेप लावला, दंडाला ती कुपोषण बघायची लाल पिवळी हिरवी पट्टी लावली आणि सगळं माझ्यासमोर कार्डावर भरलं. मग प्रश्न. बोट दाखवून वस्तू दाखवतो का, खोटं खोटं फोनवर बोलतो का, तुम्ही हसलात की हसतो का, आणि मधेच, याला ऐकू येत नाही असं कधी वाटलं का?

मी लगेच नाही म्हटलं, कारण आम्ही घरी ताट वाजवून बघितलं होतं, ताट वाजलं की गर्रकन वळायचा, कुकरच्या शिट्टीला दचकायचा. त्या बरं म्हणाल्या, त्याच्या मागे जाऊन बसल्या आणि अगदी हळू त्याचं नाव घेतलं. तो ठोकळ्यात दंग. परत घेतलं, नाही. खाऊच्या पुडीचा बारीक आवाज केला, तरी नाही. मी समोर बसले होते, त्याचा चेहरा मला पूर्ण दिसत होता, पापणी पण हलली नाही त्याची. माझ्या पोटात गोळा आला.

त्यांनी चिठ्ठी दिली आणि आम्ही जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसीत गेलो. शून्य ते सहा वर्षांच्या मुलांसाठी बालरोगतज्ज्ञ, फिजिओ, कानाचे आणि स्पीचवाले, विशेष शिक्षिका असे सगळे एकाच ठिकाणी. कानाच्या बेरा टेस्टला मूल गाढ झोपलेलं लागतं म्हणून सांगितलं की येताना गाडीत झोपू देऊ नका. सकाळी सहाची एसटी, दोन तास मी त्याला गाणी म्हणून, खिडकीतून गाई म्हशी दाखवून जागा ठेवला, तिथे पोचलो तर तो रडरड रडला आणि मग मांडीवर असा झोपला की कपाळाला आणि कानामागे वायरी चिकटवल्या तरी हललाच नाही.

दोन्ही कानांच्या पडद्यामागे पाणी साठलं होतं. ऑडिओलॉजिस्ट मॅडमनी नीट समजावलं, मोठा आवाज त्याला येतो, ताट, शिट्टी, गाडीचा हॉर्न, पण आपलं बोलणं पाण्याखालून ऐकल्यासारखं पुसट जातं, मग शब्द उचलणार कसा? मी विचारलं जन्माच्या वेळी कानाची टेस्ट पास झाली होती की, तर म्हणाल्या तेव्हा कान चांगलेच असणार, हे नंतर सर्दीमुळे वगैरे होतं, म्हणून पास झालेल्या मुलांकडेही पुढे लक्ष ठेवावंच लागतं. कान नाक घसावाल्यांनी तीन महिने थांबून परत तपासायचं ठरवलं. पाणी आपोआप गेलं, नाहीतर पडद्यात बारीक नळी बसवावी लागली असती. आणि स्पीच थेरपी महिन्यातून दोनदा. तीन महिन्यांपूर्वी पहिल्यांदा "मला नको वरण" असं अख्खं वाक्य बोलला, वरण तसंच राहिलं ताटात आणि मी रडत बसले.

खर्च? काहीच नाही, एसटीचं तिकीट सोडून.

आता एक स्टार का कापला ते सांगते. बेराची तारीख तीन आठवड्यांनी मिळाली, ते तीन आठवडे कसे काढले माझं मला माहीत. बसायला बाकडी कमी, बायका मुलं घेऊन जिन्यात बसलेल्या असतात, आणि दूध पाजायला आडोसा नाही, मी ओढणी धरून कोपऱ्यात पाजलं. एवढं चांगलं काम करणाऱ्या लोकांना जरा जागा तरी द्यायला हवी. पण कोणी एकदाही वसकन अंगावर आलं नाही, आणि माझा प्रश्न अर्धा तोडला नाही.

माझी मावसबहीण न्यू जर्सीला असते, तिच्याकडून ९, १८ आणि ३० महिन्याला डॉक्टर, आरबीएसकेच्या मॅडमनी मला विचारले तसल्या प्रश्नांची यादी भरून घेतात, मूल ठणठणीत दिसत असलं तरी. तुमचे डॉक्टर स्वतःहून विचारत नसतील तर तुम्ही विचारा, लांबी आणि डोकं मोजून कार्डावर लिहायला लावा, संकोच करू नका.

जाताना बाळाचं लसीचं कार्ड, जुने रिपोर्ट, घरचा खाऊ आणि एक जास्तीची चादर घ्या, दुपार होतेच. आणि गाडी कधी येणार ते अंगणवाडीच्या ताईंना आत्ताच विचारून ठेवा, वर्षातून दोनदाच येते.