हळदीची वेबसाइट आणि सोशल मीडिया: लाइक गावातून, ऑर्डर गावाबाहेरून

हळदपूड विकायची आमची छोटी वेबसाइट आहे. तिच्या प्रचारासाठी फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सअ‍ॅप आणि यूट्यूब असं सगळंच वापरून आता साताठ महिने होत आले. बचत गटाच्या ताया, एखाद-दुसरा संत्रावाला अधूनमधून विचारतात, "भाऊ, त्याच्यातून खरंच काही विकते का?" विकतं. पण वाहवा एका गोष्टीची होते आणि माल जातो दुसऱ्याच गोष्टीवर. हा फरक मोजल्याशिवाय कळत नाही.

माल म्हणजे वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यातली वायगाव हळद. २०१६ साली तिला जीआय, म्हणजे विशिष्ट भागाच्या मालाचं सरकारी मानांकन मिळालं. आता गावात किंवा हिंगणघाटच्या बाजारात ही हळद ऑनलाइन कोण घेणार? इथे प्रत्येकाच्या ओळखीत एक हळदवाला असतोच. पण इन्स्टाग्रामच्या डॅशबोर्डवर फॉलोअर कुठले ते पाहिलं तर वर्धा, हिंगणघाट, नागपूर. ऑर्डरचे पत्ते पाहिले तर वाकड, हिंजवडी, कल्याण, बंगळुरू. पोळ्याला सजवलेल्या बैलजोडीचा रील टाकला, त्यावर लाइकचा पाऊस पडला, काकांनी चार ग्रुपवर पाठवला. त्या दिवशी वेबसाइटवर चिटपाखरू नव्हतं.

हे समजलं ते खूण लावलेल्या लिंकमुळे. गुगल अ‍ॅनालिटिक्स हे वेबसाइटवर कोण कुठून आलं ते दाखवणारं साधन फुकट आहे. पण व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला माणूस त्यात बहुतेक वेळा 'डायरेक्ट' म्हणून मोजला जातो, जणू पत्ता पाठ करून आला. म्हणून स्टेटस, फेसबुक ग्रुप, इन्स्टाग्राम बायो, प्रत्येक ठिकाणी यूटीएम, म्हणजे माणूस कुठून आला ते सांगणारी खूण, जोडलेली वेगळी लिंक द्यायची. ती तयार करायला गुगलचंच पान आहे, दोन मिनिटांचं काम. ज्याला हे करायचा कंटाळा आहे त्याने सोशल मीडियावर पैसे घालूच नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. कोणत्या खिशातून किती आलं हे न कळता कसला धंदा?

मोजल्यावर पहिला नंबर व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसचा लागला. तो चोवीस तासांत जातो, दिसायलाही साधा, पण बघणाऱ्याकडे आपला नंबर सेव्ह असतो. म्हणजे निम्मी ओळख आधीच झालेली. ब्रॉडकास्ट लिस्टचंही (एकच मेसेज अनेकांना वेगवेगळा पाठवायची यादी) तसंच: एका लिस्टमध्ये २५६ जण बसतात आणि ज्याने आपला नंबर सेव्ह केलाय त्यालाच मेसेज पोचतो. म्हणून प्रत्येक पुड्यात एक चिठ्ठी टाकतो, 'नंबर सेव्ह करा, नवी पूड आली की कळवू'. लोक करतात. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस अ‍ॅपमधले लेबल आणि तयार उत्तरं आमच्या वहिनीने इतकी नीट लावली आहेत की मी त्यात हात घालत नाही. तिथल्या कॅटलॉगमध्ये प्रत्येक वस्तूला वेबसाइटची लिंक देता येते, ती जरूर द्या. लिंक पाठवल्यावर फोटो दिसत नसेल तर वेबसाइट बनवणाऱ्याला ओपन ग्राफ टॅग (लिंकसोबत कोणता फोटो दिसावा ते सांगणारा कोड) तपासायला सांगा. फोटोशिवायच्या लिंकवर लोक बोट ठेवायला घाबरतात, आणि सध्याच्या फसवणुकीच्या दिवसांत त्यांचं बरोबरच आहे.

दुसरा नंबर पुण्या-मुंबईतल्या विदर्भवाल्यांच्या फेसबुक ग्रुपचा. तिथे 'आमची हळद घ्या' म्हटलं की अ‍ॅडमिन पोस्ट उडवतो. त्यापेक्षा काम सांगायचं. फेब्रुवारीत हळद काढली, गड्डे आणि हळकुंडं वेगळी केली, शिजवली, मग दहा-पंधरा दिवस उन्हात पसरली, वाळल्यावर ड्रममध्ये घालून पॉलिश केली. आईचा आवाज घेऊन आम्ही शिजवण्याचा व्हिडिओ टाकला. काडी हळकुंडात सहज घुसली म्हणजे शिजली, एवढंच ती तिच्या बोलीत सांगते. त्याखाली प्रश्नांची रांग लागली. एकीने विचारलं, "भाऊ, आमी मूळचे आर्वीचे. तुमच्या हयदीत रंग त नाई ना मिसळला?"

खरा मुद्दा या प्रश्नात आहे. हळदीत लेड क्रोमेट आणि मेटॅनिल यलो या घातक पिवळ्या रंगांची भेसळ होते हे लोकांनी वाचलेलं असतं, आणि घरी लहान लेकरू असलं की भीती जास्त. कमेंटमध्ये 'नाही ताई, शुद्ध आहे' लिहून कोणाचं समाधान होत नाही. आम्ही लॅबचा रिपोर्ट वेबसाइटवर एका पानावर ठेवला, सोबत एफएसएसएआय (अन्नसुरक्षा परवान्याचा) क्रमांक आणि ती पूड कोणत्या महिन्यात दळली तेही. प्रश्न आला की त्या पानाची लिंक. आज उत्पादनाच्या पानाखालोखाल तेच पान वाचलं जातं. बरेच जण ते वाचून परत व्हॉट्सअ‍ॅपवर येतात आणि तिथेच ऑर्डर देतात. सुरुवातीला मला याचं वाईट वाटायचं, की वेबसाइटवरचं ऑर्डरचं बटण कोणी दाबतच नाही. आता नाही वाटत. वेबसाइटकडे लोक खात्री करायला जातात, पैसे कुठूनही देवोत.

इन्स्टाग्रामबद्दल थोडक्यात. कॅप्शनमध्ये टाकलेली लिंक दाबता येत नाही. बायोमध्ये पाचपर्यंत लिंक ठेवता येतात आणि स्टोरीला लिंकचं स्टिकर लागतं. आमचे लोक स्टोरीतूनच येतात, रीलमधून जवळजवळ नाही. यूट्यूब शॉर्ट्सच्या वर्णनातली आणि कमेंटमधली लिंकही ऑगस्ट २०२३ पासून दाबता येत नाही, त्यामुळे तिथला आमचा उत्साह ओसरला. मोठा व्हिडिओ असेल तर वर्णनातली लिंक चालते.

मधे एका एजन्सीला काम दिलं होतं. रोज एक पोस्ट, सणाला शुभेच्छा, कोपऱ्यात आमचा लोगो. दिवाळीच्या शुभेच्छांवरून हळद विकली गेल्याचं मी तरी पाहिलं नाही. व्हिडिओतला आईचा आवाज 'प्रोफेशनल वाटत नाही' म्हणून त्यांनी काढला आणि वर इंग्रजी गाणं लावलं, तेव्हा आमचं त्यांच्याशी फाटलं.

पैशाच्या जाहिरातीत एवढं बघा. बूस्टचं, म्हणजे पैसे देऊन पोस्ट जास्त लोकांना दाखवायचं बटण सोपं आहे, पण उद्देश निवडताना लाइकऐवजी वेबसाइट निवडा. अ‍ॅड्स मॅनेजरमध्ये, म्हणजे फेसबुकच्या जाहिरातींच्या सविस्तर पानावर जाणार असाल तर पिक्सेल (वेबसाइटवर आलेला माणूस मोजणारा छोटा कोड) बसवून 'लिंक क्लिक'ऐवजी 'लँडिंग पेज व्ह्यू', म्हणजे पान खरंच उघडल्याचा आकडा, घ्या. दोन आकड्यांत मोठी दरी असते, कारण पान उघडायच्या आत माणूस मागे फिरतो. आमचं पान जड होतं. जांब चौरस्त्यावर बसची वाट बघत मी स्वतःच ते उघडत बसलो आणि बस आली तरी हळदीचा फोटो आला नव्हता. फोटो हलके केल्यावर ही दरी बरीच कमी झाली. बिलावर १८ टक्के जीएसटी वेगळा लागतो, तो बजेटमध्ये धरा. आणि दाखवायचं ठिकाण म्हणून पुणे निवडा, वर्धा नको.

आणखी एक छुपी अडचण. सोशल मीडियाच्या अ‍ॅपमधून लिंक दाबली की पान त्याच अ‍ॅपच्या पोटातल्या ब्राउझरमध्ये उघडतं, आणि तिथून यूपीआयचं अ‍ॅप उघडताना पुष्कळदा गाडी अडते. गिऱ्हाइकाला वाटतं आपली साइट बोगस. आम्ही पैसे भरायच्या पानावर क्यूआर कोड आणि 'अडलं तर व्हॉट्सअ‍ॅप करा' असं बटण ठेवलं आहे.

कॅश ऑन डिलिव्हरी मात्र जाहिरातीवरून येणाऱ्यांसाठी बंद केली. रात्री अकराला जाहिरात बघून ऑर्डर टाकणारा माणूस चार दिवसांनी पार्सल दारात आलं की फोन उचलत नाही, आणि जाण्यायेण्याचं भाडं आपल्या अंगावर पडतं. जुनं गिऱ्हाईक असेल तर देतो, त्यात अजून त्रास नाही.

सध्या जाहिरात बंद आहे, कारण घरात पूड थोडीच उरली आहे. स्टेटस तेवढं सुरू ठेवलंय, आणि उत्पादनाच्या पानावर 'पुढची पूड एप्रिलमध्ये, नंबर द्या, कळवतो' असा छोटा फॉर्म लावलाय. त्यात रोज एक-दोन नावं पडतात.