लिनक्सवर आरएक्स ६६००: उन्हाळा-पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

आधी निकाल सांगतो. लिनक्स मिंट २२, दोन मॉनिटर, केडेनलाइव्हवर लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग आणि अधूनमधून स्टीमवरचे गेम एवढ्या कामाला एएमडीचं ८ जीबीचं आरएक्स ६६०० हे ग्राफिक्स कार्ड पुरून उरतं. सांगलीचा कडक उन्हाळा आणि त्यामागचा दमट पावसाळा काढूनही कार्ड कुरकुरत नाही. मात्र काही गोष्टी घेण्याआधीच माहीत हव्यात.

लिनक्सवर कार्डाच्या वेगाआधी त्याचा ड्रायव्हर बघायचा. एएमडीचा एएमडीजीपीयू ड्रायव्हर कर्नलमध्येच (लिनक्सच्या गाभ्यात) असतो, ओपनजीएल आणि व्हल्कन (गेम-सॉफ्टवेअरने कार्डाशी बोलायच्या पद्धती) यांचं काम मेसा हे सॉफ्टवेअर बघतं. कार्ड खोचलं, मशीन चालू केलं की झालं. एनव्हिडियाच्या ड्रायव्हरचं मॉड्यूल (कर्नलला जोडायचा तुकडा) बऱ्याच ठिकाणी डीकेएमएस या टूलकडून प्रत्येक नव्या कर्नलसाठी पुन्हा बांधलं जातं. त्यासाठी लागणारं कर्नलचं हेडर पॅकेज राहिलं, किंवा सिक्युअर बूट (सही नसलेलं काही चालू न देणारी सोय) चालू असून मॉड्यूलवर सही नसली, की अपडेटनंतर काळी स्क्रीन. क्युडा (एनव्हिडिया कार्डावर गणनेची कामं करायची सोय) लागतच असेल तर हे सांभाळायचं, इलाज नाही. पण स्वस्तात मिळतं म्हणून एनव्हिडियाचं जुनं जीटीएक्स १०५० टीआय किंवा १०६० उचलू नका. त्या पिढीसाठी ५८० ही ड्रायव्हरची शेवटची शाखा आहे.

अगदी ताज्या पिढीचीही घाई नको. मिंट २२ च्या मूळ ६.८ कर्नलवर २०२५ मध्ये आलेली आरएक्स ९००० मालिका धड चालत नाही, कर्नल आणि मेसा दोन्ही नवे लागतात. ६६०० ऑक्टोबर २०२१ चं, त्यामुळे त्याचे बरेचसे बग दुसऱ्यांनी आधीच भोगून झालेत!

बसवल्यावर दोन तपासण्या करा. टर्मिनलमध्ये 'एलएसपीसीआय -के' (lspci -k) चालवल्यावर कार्डाखाली वापरातला ड्रायव्हर म्हणून एएमडीजीपीयू दिसला पाहिजे. 'जीएलएक्सइन्फो -बी' (glxinfo -B) मध्ये रेंडररच्या ओळीत एलएलव्हीएमपाइप आलं, तर कार्ड नुसतं बसून आहे आणि सगळं ओझं सीपीयू ओढतोय.

आता विजेचं. आपल्याकडे कार्डापेक्षा जास्त डोकं इथेच खर्च होतं. ६६०० चा एकूण खप १३२ वॅट, एक ८ पिन जोडणी, आणि ४५० वॅटचा चांगला एसएमपीएस (कॅबिनेटमधला पॉवर सप्लाय) पुरतो. मोलेक्सवरून (जुन्या ४ पिनच्या जोडणीवरून) ८ पिनचा जुगाड करू नका, कनेक्टर तापून वितळतो. 'सेन्सर्स' (sensors) या कमांडमध्ये दिसणारा वॅटचा आकडा फक्त चिपचा असतो, त्यावरून यूपीएस निवडला तर फसाल. ६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे साधारण ३६० वॅट, आणि स्वस्त यूपीएस बॅटरीवर गेल्यावर शुद्ध साइन वेव्ह देत नाहीत. अॅक्टिव्ह पीएफसी (वीज नीट खेचणारं सर्किट) असलेल्या काही एसएमपीएसना ते मानवत नाही. लाइट जाते, यूपीएस 'टक्' करतो आणि गेम चालू असेल तर मशीन रीस्टार्ट होतं. मग दोष कार्डावर येतो.

दोष नेमका कुणाचा ते असं बघा. रीस्टार्टनंतर 'जर्नलसीटीएल -के -बी -१' (journalctl -k -b -1) चालवून आधीच्या वेळच्या लॉगच्या शेवटच्या ओळी वाचा. एएमडीजीपीयूच्या नावाने 'रिंग जीएफएक्स टाइमआउट' आणि त्यामागे जीपीयू (कार्डाची चिप) रीसेट असेल, तर ड्रायव्हर, मेसा किंवा कार्ड. पण लॉग नेहमीच्या एखाद्या ओळीवर मध्येच तुटला असेल, काही तक्रार न करता, तर आधी वीज, यूपीएस आणि एसएमपीएस तपासा. यूपीएस बाजूला काढून थेट भिंतीच्या सॉकेटवर तोच गेम चालवला की बऱ्याचदा उलगडा होतो. अर्थिंगही एकदा इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर एवढं महाग कार्ड त्यात घालूच नका.

हलक्या कामात पंखे थांबलेले दिसले तर घाबरू नका, बहुतेक मॉडेलांत ते मुद्दामच असतं. मे महिन्यात खोलीच चाळिशीकडे जाते, तेव्हा लॅक्ट हे टूल टाकून पंख्याची चाल थोडी लवकर सुरू करायची आणि वॅटची मर्यादा जराशी खाली आणायची. फ्रेम फारशा पडत नाहीत, आवाज मात्र चांगलाच कमी होतो. साखर कारखान्याच्या जवळ राहणाऱ्यांनी गाळप हंगामानंतर कार्ड काढून साफ करावंच. काळी राख फिनमध्ये घट्ट बसते. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा, मोकळा भन्नाट फिरला तर बेअरिंग जातं.

खटकणाऱ्या गोष्टी. एचडीएमआय २.१ चा खुला ड्रायव्हर एचडीएमआय फोरमने अडवल्याचं फेब्रुवारी २०२४ मध्ये बाहेर आलं, त्यामुळे टीव्हीवर ४के १२० हर्ट्झची आशा धरून हे घेऊ नका. मॉनिटर डिस्प्लेपोर्टनेच जोडा. एव्ही१ या नव्या प्रकारातला व्हिडिओ हे कार्ड उलगडतं, पण बनवत नाही. तो बनवायचा असेल तर आरएक्स ७६०० किंवा इंटेल आर्क ए३८० बघा. आर्कला मात्र मदरबोर्डात रिसाइझेबल बार (सीपीयूला कार्डाची सगळी मेमरी एकदम दिसायची सोय) हवंच, नाहीतर वेग पार पडतो. रॉकमच्या (क्युडाला एएमडीचा पर्याय) अधिकृत यादीत ६६०० नाही. डाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरची फुकट आवृत्ती लिनक्सवर एच.२६४ व्हिडिओ उघडत नाही, त्यात कार्डाचा दोष नाही. आणि बजेट कमी म्हणून आरएक्स ६४०० किंवा ६५०० एक्सटीकडे वळलात तर त्यांत व्हिडिओ बनवणारा एन्कोडरच नाही. शिवाय मदरबोर्डाशी जोडणारी पीसीआयई फक्त ४ लेन, जुन्या तिसऱ्या पिढीच्या बोर्डावर त्याचा फटका बसतो.

सेकंडहँड बाजारात क्रिप्टो माइनिंगमधून निघालेली आरएक्स ५८० अजून फिरतात. त्यांत '२०४८ एसपी' नावाचा प्रकार आहे. नाव ५८० चं, चिप ५७० च्या ताकदीची. विकणाऱ्यासमोरच लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवर 'एलएसपीसीआय -एनएन' (lspci -nn) चालवा. आयडीत ६एफडीएफ (6fdf) दिसलं तर तो हाच प्रकार, भाव त्या हिशोबानेच करा. बायोस बदललेली कार्डं खोटा आयडीही दाखवतात, म्हणून अर्धा तास लोडवर चालवून तापमान बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.