हवामान खात्याचा हंगामी अंदाज : जत-माणच्या रानात किती कामाचा?

पाचपैकी तीन तारे. एप्रिलच्या मध्याला पहिला अंदाज, मेअखेरीस सुधारित. मोफत आणि वेळेवर. पण बातमीत झळकणारा टक्का, म्हणजे अनेक वर्षांच्या सरासरीच्या किती टक्के पाऊस पडेल तो आकडा, अख्ख्या देशाचा असतो, तोही जून ते सप्टेंबर मिळून. महाबळेश्वरात पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तिथून सरळ रेषेत शंभर किलोमीटरही नसलेल्या, माण तालुक्यातल्या दहिवडीत पाचशेच्या आसपास. दोघांना एकच आकडा लावून कसं चालेल?

अंदाजाचा मोठा आधार म्हणजे समुद्राचं तापमान. प्रशांत महासागराच्या मध्य-पूर्वेचं पाणी सरासरीपेक्षा अर्धा अंश वर जाऊन टिकलं की एल निनो. मग ढगांचा जोर तिकडे सरकतो, आपल्याकडे हवा खाली उतरते आणि उतरत्या हवेत ढग वाढत नाहीत. मात्र हिंदी महासागर आफ्रिकेच्या बाजूला जास्त तापला आणि सुमात्राकडे थंड राहिला, तर हा फटका बराच सौम्य होतो. १९९७ साली एल निनो जबर होता, तरी देशात १०२ टक्के पाऊस झाला.

मार्च ते मे प्रशांत महासागर कूस बदलत असतो, म्हणून एप्रिलचा आकडा सगळ्यात कच्चा. त्यावर बियाणं घेऊ नये. आकडा ५ टक्के वर-खाली होण्याची सूटही (± ५) त्यासाठीच आहे.

२०२३ मध्ये अंदाज ९६ टक्के, पडला ९४. कागदावर अचूक! पण तो ऑगस्ट १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ठरला, आणि सोयाबीनला पाणी लागतं ते नेमकं फुलोऱ्यात, शेंगा भरताना. २०१९ चा अंदाजही ९६ च होता, झाला ११०. ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली, धोका पातळी ४५ असताना. पाऊस कधी आणि किती दिवसांत कोसळेल, हे हंगामी आकडा सांगतच नाही. हीच या सेवेची खरी उणीव.

मग वापरायचा कसा? मेअखेरचा नकाशा आकड्यापेक्षा जास्त बोलतो. त्यातले रंग म्हणजे कमी, सरासरी किंवा जास्त पावसाची शक्यता. पांढरा भाग म्हणजे 'सरासरी पाऊस' नव्हे. तिथे तिन्ही शक्यता सारख्याच, म्हणजे अंदाजाला काही सांगता आलेलं नाही. इथेच बरेच जण फसतात. एल निनोचा कल दिसला तर जत, आटपाडी, माण, खटाव अशा कमी पावसाच्या तालुक्यांत कमी मुदतीचे वाण, बाजरी-तूर आणि शेततळ्याच्या कागदाची डागडुजी आधी. पेरणी मात्र ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन ओल खोल गेल्यावरच.

जूननंतर दर गुरुवारी निघणारा चार आठवड्यांचा अंदाज पाहा. पहिले दोन आठवडे भरवशाचे, पुढचे फक्त कल दाखवतात. खताचा दुसरा हप्ता, कोळपणी, तासगाव-मिरजेकडची द्राक्षांची ऑक्टोबर छाटणी यांच्या तारखा त्यावर ठरवता येतात. त्या अंदाजाला चार तारे.