मातीपासून भट्टीपर्यंत : बडोद्यातील एका सिरॅमिक्स आणि चित्रकला वर्गाचे परीक्षण

बडोद्यात नोकरी किंवा संसार सांभाळून मातीकाम शिकू पाहणाऱ्या प्रौढ माणसापुढे आज साधारण तीन वाटा असतात: एखाद्या कॅफेतली दोन तासांची कार्यशाळा, ऑनलाइन मागवलेली हवेत वाळणारी माती, किंवा एखाद्या स्टुडिओत काही महिने रीतसर शिक्षण. हे परीक्षण तिसऱ्या प्रकारच्या एका वर्गाचे आहे. जुन्या पादरा रोडच्या परिसरात एका बंगल्याच्या मागच्या अंगणात शनिवार-रविवारी सकाळी तो भरतो, आणि त्यात सिरॅमिक्सबरोबर चित्रकलाही शिकवली जाते. स्टुडिओ लहान आहे आणि पुढे काही उणिवाही लिहिल्या आहेत, म्हणून त्याचे नाव येथे देत नाही; परंतु ज्या कसोट्यांवर मी त्याकडे पाहिले त्या शहरातील कोणत्याही वर्गाला लावता येतील.

माझी मुख्य कसोटी एकच आहे. नवशिक्याला केवळ चाकावर बसवले जाते, की मातीच्या पोत्यापासून भट्टीचे दार उघडेपर्यंतचा सगळा प्रवास त्याच्या हातून करवून घेतला जातो? या कसोटीवर हा वर्ग मला फार चांगला वाटला, आणि शुल्क चित्रकलेच्या साध्या वर्गाच्या जवळपास दुप्पट असूनही ते योग्य वाटण्याचे कारण हेच आहे.

सुरुवातीचे काही वर्ग चाकाला हातही लावू दिला जात नाही. बरेच विद्यार्थी याने हिरमुसतात, कारण चाकाच्या ओढीनेच ते आलेले असतात. परंतु त्या काळात माती चाळणे, भिजवणे, जुन्या फसलेल्या कामांचे तुकडे पिंपात विरघळवून ती लगदा झालेली माती प्लास्टरच्या लादीवर पसरून पुन्हा वापरण्याजोगी करणे, ही सगळी कामे विद्यार्थ्यांकडूनच करवून घेतली जातात. मळण्याचा धडा तर सर्वांत मोलाचा. आपला हात कणीक मळण्याला सरावलेला असतो आणि कणीक मळताना आपण तिच्या घड्या घालतो. माती तशी मळली तर प्रत्येक घडीत हवा अडकते आणि पुढे चाकावर त्याच जागी भिंत वाकडी होते. म्हणून माती घडी न घालता, तळव्याने पुढे रेटत आणि किंचित फिरवत मळायची असते. मळून झाल्यावर गोळा तारेने मधोमध कापून आत पोकळी राहिली आहे का ते पाहायचे. ही तपासणी शिकवणाऱ्या ताई प्रत्येकाच्या बाबतीत, न चुकता करतात.

त्यानंतर बोटांनी चिमटून केलेली वाटी, वळ्या रचून केलेले भांडे आणि लाटलेल्या पाटीपासून केलेली चौकोनी पेटी असे हाताने घडवण्याचे तीन प्रकार येतात. पेटीच्या भिंती जोडताना दोन्ही कडांवर चरे पाडून त्यांत पातळ मातीचा लेप भरावा लागतो. नुसत्या कडा दाबून चिकटवल्या तर वाळताना त्या हमखास सुटतात. हा भाग पुरेसा शिकवला जातो, पण त्याबद्दल अधिक लिहिण्यासारखे नाही.

चाकाचा भाग मात्र सविस्तर सांगायला हवा, कारण नवशिक्याची खरी परीक्षा तेथे असते. फिरत्या चाकावर मातीचा गोळा ठेवला की तो केंद्रापासून थोडा जरी सरकलेला असला तरी हाताला धक्के देत राहतो, आणि तो अगदी मध्यावर स्थिर होईपर्यंत पुढचे काहीही करता येत नाही. यालाच सेंटरिंग म्हणतात. बहुतेक जण जोर मनगटातून लावतात. मनगट थकते आणि गोळा तसाच डगमगत राहतो. जोर खरे तर कमरेतून यायला हवा, कोपर मांडीवर घट्ट टेकलेले हवे आणि हात हलता कामा नये. “काका, हात मातीच्या मागे नेऊ नका, मातीला तुमच्या हाताकडे येऊ द्या,” असे ताई आमच्यातील एका निवृत्त गृहस्थांना सांगत, आणि ते सांगणे आम्हां सर्वांसाठीच असे. एखाद्या सकाळी डगमगणे अचानक थांबते. चाक पूर्ण वेगात असूनही गोळा जागच्या जागी उभा असल्यासारखा दिसू लागतो, तळव्याखाली काहीही हलत नाही, आणि त्या क्षणाचा आनंद शिकणाऱ्याच्या चेहऱ्यावर संपूर्ण खोलीला दिसतो.

येथील एक शिस्त मला विशेष आवडली. चाकावर उभी केलेली सुरुवातीची सगळी भांडी तारेने उभी कापून पाहायची, जपून ठेवायची नाहीत. कापलेल्या भिंतीत बुडाशी माती जाड आणि काठाशी पातळ राहिलेली स्पष्ट दिसते, आणि पुढच्या वेळी बोटांचा दाब कोठे वाढवायचा ते कळते. आपल्या हाताने झालेले पहिले भांडे कापताना मन कचरते, हे खरे. परंतु घरी नेण्यासारखे काहीतरी दोन तासांत हाती देणाऱ्या कार्यशाळेत हे शिक्षण मिळणे शक्यच नसते.

वाळवण्याच्या बाबतीत बडोद्याची हवा हाच एक स्वतंत्र विषय आहे. मे महिन्याच्या कोरड्या उन्हाळ्यात काठ बुडाच्या आधी वाळतो, काठ आक्रसतो पण बुड अजून ओले असते, आणि या ओढाताणीत भांड्याला तडा जातो. पावसाळ्यात उलट होते: प्लास्टिकखाली झाकलेले काम आठवडा उलटला तरी ओलेच राहते आणि बुड कोरण्याची वेळ पुढे पुढे जात राहते. बुड कोरायचे ते माती बोटाने दबत नाही पण हत्याराने सहज सोलली जाते अशा अवस्थेत. ती अवस्था एका दिवसानेही चुकवून चालत नाही. आधी काठ झाकून ठेवायचा, नंतर भांडे उलटे करून बुड उघडे सोडायचे, हे तंत्र ताईंनी ऋतूनुसार समजावून सांगितले, आणि ते या शहरात राहून काम केलेल्या माणसाकडूनच शिकता येते.

आक्रसण्याचा हिशेबही येथे पक्का करून घेतला जातो. स्टोनवेअरची, म्हणजे जास्त तापमानाला भाजून दगडासारखी घट्ट होणारी, माती ओल्या अवस्थेपासून अखेरच्या भाजणीपर्यंत लांबीत साधारण १० ते १२ टक्के आक्रसते. हा आकडा ऐकायला लहान वाटतो, पण लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही १२ टक्क्यांनी घटली की घनफळ जवळपास एक तृतीयांशाने कमी होते. ओला असताना ३०० मिलिलिटर मावेल असा कप भट्टीतून साधारण २०० मिलिलिटरचा होऊन निघतो. चहाचा कप करायचा तर आधी तो नजरेला अवाजवी मोठा वाटला पाहिजे, ही गोष्ट त्यामुळे नेमकी समजते.

भट्टी विजेची आहे, आणि ती भरताना विद्यार्थ्यांना हजर राहू देतात; इतर ठिकाणी चौकशी केली तेव्हा ही सोय मला क्वचितच आढळली. तापमान कोणत्या वेळी किती होते याची वही ठेवलेली असते. पहिल्या तासांत भट्टी अगदी हळू तापवतात, कारण मातीत उरलेल्या पाण्याची १०० अंश सेल्सिअसला वाफ होते आणि तिला बाहेर पडायला अवकाश मिळाला नाही तर भांडे फुटते. पुढे मातीच्या कणांत रासायनिक रूपाने बांधलेले पाणी निघून जाते आणि त्यानंतर ती माती पाण्यात पुन्हा कधी विरघळत नाही. ५७३ अंशांना मातीतील क्वार्ट्‌झचे स्फटिक एकदम प्रसरण पावतात, म्हणून तेथेही घाई करायची नसते. साधारण १००० अंशांची ही पहिली भाजणी, म्हणजे बिस्क. ग्लेझ, म्हणजे भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप, दिल्यानंतरची दुसरी भाजणी येथे १२२० अंशांच्या आसपास होते. हे समजल्यावर हवेत वाळणाऱ्या मातीच्या संचांविषयीही मत बनवता येते. शोभेच्या वस्तूंसाठी ते ठीक आहेत. पण ती माती कधी भाजलीच जात नसल्यामुळे त्यांचे भांडे पाणी धरणार नाही, आणि त्यांना सिरॅमिक्स म्हणता येणार नाही.

चित्रकलेचा अर्धा भाग पहिल्या दृष्टीला वेगळा वाटतो, पण त्याची सांगड मातीशी चांगली घातलेली आहे. कागदावर जलरंग शिकवताना आधी कुंचल्याच्या रेषेवर भर असतो. त्यासाठी एका रविवारी सर्वांना गायकवाड राजघराण्याच्या कीर्तिमंदिर या स्मारकात नेले जाते, जेथे चित्रकार नंदलाल बोस यांनी १९३९ ते १९४६ या काळात भिंती रंगवल्या. ‘गंगावतरण’ किंवा महाभारताच्या युद्धाचे चित्र समोर उभे राहून पाहिले की इतक्या मोठ्या भिंतीवरही सगळी गती रेषेने पेलली आहे हे कळते. बडोद्यात जन्म काढून मी ही चित्रे लक्ष देऊन पाहिली ती या वर्गामुळे, आणि त्यासाठी मी ताईंची मनापासून ऋणी आहे.

ही रेषा पुढे बिस्क भांड्यावर उतरवायची असते. बिस्क पाणी तत्काळ शोषून घेते; कुंचला क्षणभर थांबला की तेथे डाग पडतो आणि ओढलेली रेघ कागदाप्रमाणे ओल्या कुंचल्याने पुसता येत नाही. रंगाचाही भरवसा डोळ्यांना नसतो. कोबाल्ट कार्बोनेटची जांभळट भुकटी भाजल्यावर गडद निळी होते, लोहाच्या तांबड्या ऑक्साइडचा रंग तपकिरी होतो, आणि विजेच्या भट्टीत तांबे बहुधा हिरवे येते. त्यामुळे रंगवताना भांडे जसे दिसते तसे ते कधीच राहणार नसते, आणि म्हणून प्रत्येकाला आधी लहान फरशांवर नमुने भाजून त्यांची नोंद ठेवायला लावतात. मला हा अभ्यास अतिशय आवडला. कागदावरचे रंगमिश्रण मात्र घाईने उरकले जाते. केवळ चित्रकलेसाठी येणाऱ्याने येथे येऊ नये.

या शिकवण्यामागे बडोद्याचीच परंपरा आहे. ताई महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या ललितकला विद्याशाखेत शिकलेल्या आहेत. १९५० साली सुरू झालेल्या या विद्याशाखेत ज्योत्स्ना भट्ट (१९४०–२०२०) यांनी सिरॅमिक्स कलाकारांच्या अनेक पिढ्या घडवल्या. त्यांच्या मांजरांचे आणि पक्ष्यांचे शांत, मंद चमकीचे आकार ज्यांनी पाहिले आहेत त्यांना येथे झगझगीत ग्लेझ का शिकवत नाहीत हे सांगावे लागणार नाही.

आता उणिवा. विद्यार्थ्यांच्या मानाने चाके कमी आहेत, आणि रविवारी पाळी येईपर्यंत सकाळ निम्मी संपते. त्याहून गंभीर बाब धुळीची. कोरड्या मातीत आणि ग्लेझच्या भुकटीत सिलिका असते, ती वर्षानुवर्षे श्वासातून गेल्यास फुप्फुसांना कायमची इजा होते. असे असूनही येथे जमीन कधी कधी झाडूने कोरडीच झाडली जाते आणि भुकटी मोजताना मास्क मागून घ्यावा लागतो. ओला पोछा आणि चांगले मास्क यांचा खर्च फार नाही, तो स्टुडिओने करायलाच हवा. भाजणीचा खर्च भांड्याच्या आकारमानानुसार वेगळा आकारला जातो, हेही प्रवेश घेताना स्पष्ट सांगितले जात नाही. ते आधीच लेखी मागावे. कोणत्या ग्लेझमध्ये खाण्यापिण्याची भांडी करता येतात याचा फलक मात्र भिंतीवर आहे, ही चांगली गोष्ट.

शिकवण्याची भाषा मुख्यतः गुजराती आहे आणि सगळे ताईंना बेन म्हणतात. मराठी विद्यार्थ्यांशी त्या मराठीतच बोलतात, त्यामुळे दांडिया बाजार किंवा रावपुऱ्यातून येणाऱ्या ज्येष्ठांची अडचण होत नाही. नवरात्रात गरब्यामुळे वर्ग नऊ दिवस बंद असतो. प्रवेश वर्षभर मिळतो, तरी नवशिक्याने दिवाळीनंतरच्या तुकडीत नाव घालावे, कारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात भांडी सावकाश आणि सारखी वाळतात, तडे कमी जातात, आणि त्या तुकडीची ग्लेझची भाजणी उन्हाळा लागण्यापूर्वी पूर्ण होते.